फीबीच्या घराचं कर्तं माणूस

केटो : बुधवारी? अगं, लग्न रविवारी आहे! पाद्रीबाबांनी रविवारमागून रविवार भर चर्चमध्ये आपली नावं वाचून दाखवली. इथल्या टेम्नी लोकांच्या गावातून बोकड यायचा ठरलाय. आणि आज शुक्रवारी तू मला सांगतेस, बुधवारी करू?

फीबी : सांगतेय ना. ते पलीकडचं टोक धर जरा. पीळ. जपून हं, गव्हर्नरसाहेबाच्या घरची चादर आहे. फाटली तर पुन्हा धुवायला देणार नाहीत.

केटो : मी लग्नाचं बोलतोय आणि ही मला चादर पिळायला लावते!

फीबी : परटिणीशी लग्न करायला निघालास, मग दुसरं काय करायला मिळणार? उजवीकडे पीळ, उजवीकडे. मी डावीकडे पिळतेय.

केटो : फीबी, ठरलेली तारीख अशी हलवायची नसते. पलटणीत होतो तेव्हा आमचा कप्तान म्हणायचा...

फीबी : पलटण अमेरिकेत राहिली, केटो, आपण आफ्रिकेत आलो. कप्तान विलायतेला गेला. नि ज्या राजा जॉर्जसाठी तू खंदक खणलेस, तो लढाई हरला.

केटो : राजा हरला असेल. मी नाही हरलो. मी गुलाम म्हणून पळालो आणि मोकळा माणूस म्हणून जहाजात चढलो.

जूडी मावशी : मोकळा माणूस रविवारपर्यंतच ना रे? का नवरी पळाली?

केटो : जूडी मावशी, तू तुझ्या शेंगा सोल.

जूडी मावशी : सोलतेच आहे. हात सोलतात, कान रिकामे असतात. आणि आपल्या दोन झोपड्यांमधला कूड असा, की फीबीला शिंक आली तर ‘देव भलं करो’ मी म्हणते. काय झालं गं पोरी? मन फिरलं?

फीबी : मन नाही फिरलं मावशी. वार फिरवतेय.

केटो : कारण सांग म्हणावं हिला! कारण सांगत नाही!

फीबी : सांगते. मंगळवारी काय आहे?

केटो : मला विचारतेस? मंगळवारी पंचाची निवड. अख्ख्या फ्रीटाउनमध्ये दर दहा घरांमागे एक पंच निवडायचा. चोरीमारी, भांडणतंटा त्यानं मिटवायचा, आणि लोकांचं गाऱ्हाणं गव्हर्नरसाहेबापुढे न्यायचं. आपल्या दहा घरांतून मी उभा आहे. नि तो पाववाला पॉम्पी.

फीबी : मत कुणी द्यायचं?

केटो : घरटी एकानं. घरातल्या कर्त्या माणसानं.

फीबी : बाप्यानंच?

केटो : बाप्या असो, बाई असो, घरचं कर्तं असलं म्हणजे झालं. साहेबांनी चर्चच्या दारात उभं राहून सांगितलं की. तू तिथंच होतीस, पुढच्या रांगेत.

फीबी : होते. म्हणून विचारतेय. या घरात कर्तं कोण?

केटो : तू. दुसरं आहे कोण? तू आणि ती लंगडी कोंबडी.

फीबी : आणि रविवारी लग्न लागलं, की सोमवारी कर्तं कोण?

केटो : सोमवारी... मी. म्हणजे आपण. म्हणजे मीच, पण आपल्या दोघांच्या वतीनं.

जूडी मावशी : अडकला मेला.

केटो : यात अडकण्यासारखं काय आहे? सरळ हिशोब आहे. लग्न झालं की दोन घरांचं एक घर होतं. एका घराला एक कर्ता. कर्त्याला एक मत. म्हणजे रविवारी लग्न झालं, तर मंगळवारी आपल्या दोघांत मिळून... अरे! थांबा. माझं एक मत कमी होतं!

जूडी मावशी : उजाडलं बाई एकदाचं.

केटो : बुधवारी! बुधवारच बरोबर! फीबी, काय डोकं आहे तुझं. मी इथं बोकडाच्या मागे लागलोय आणि तू मतांचा विचार करतेयस. माझ्यासाठी! मावशी, बघितलंस? अशी बायको मिळायला भाग्य लागतं. मी आत्ता जातो आणि पाद्रीबाबांना सांगतो.

फीबी : सांग. पण तुला मी मत देणार, हे कुणी सांगितलं तुला?

केटो : काय?

फीबी : चादर खाली टेकतेय. वर धर.

केटो : चादर गेली खड्ड्यात! म्हणजे, नाही, धरली आहे, धरली आहे. तू मला मत देणार नाहीस?

फीबी : ठरवलं नाही अजून. पण मन पॉम्पीकडे आहे.

केटो : पॉम्पी! अगं, तो माणूस भिंतीशी भांडतो! जहाजावर तो समुद्राशी भांडत होता!

फीबी : साहेबाशीही भांडतो. मला तसाच हवाय.

केटो : आणि मी? मी काय नको आहे?

फीबी : तू चांगला आहेस. पण साहेब समोर आला की तुझी मान आपोआप हलायला लागते.

केटो : ती सभ्यता आहे!

फीबी : पावसाळा संपल्यावर आपण सगळे नदीकाठाच्या जागेसाठी गेलो होतो. आठवतं? बोलायचं तू, असं ठरलं. रात्रभर पाठ केलंस. मावशीला म्हणून दाखवलंस, मला म्हणून दाखवलंस. तोंडपाठ. आणि साहेब म्हणाला, ‘काठावर कंपनीची वखार बांधायची आहे, तुम्ही समजूतदार माणसं आहात.’ तू काय म्हणालास?

केटो : मी म्हणालो, समजूतदार तर आम्ही आहोतच.

फीबी : ‘हो साहेब’ म्हणालास. आणि मान हलवलीस. एकदा हलली ती थांबेचना. साहेबाला वाटलं, झालं, लोक राजी आहेत. काठ गेला. आता मी कपड्यांची ही एवढी मोट डोक्यावर घेऊन वरच्या झऱ्यापर्यंत टेकडी चढते रोज, नि ओली मोट घेऊन उतरते. तुझी सभ्यता माझ्या गुडघ्यात दुखते, केटो.

जूडी मावशी : खरं आहे ते. मलाही जागा मिळाली असती काठावर. गळ टाकून बसले असते. मासा मिळाला असता, नाहीतर निदान वारा.

केटो : म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला सोडून तू पाववाल्याला मत देणार. लोक काय म्हणतील?

जूडी मावशी : म्हणतील, पाव बरा असतो त्याचा.

केटो : मावशी, चेष्टा पुरे! फीबी, मी एवढा वाईट आहे, तर लग्न तरी कशाला करतेस माझ्याशी?

फीबी : आवडतोस म्हणून. आणखी कशाला? पावसाळ्यात माझं छप्पर उडालं, तेव्हा स्वतःचं अर्धवट टाकून तू आधी माझं शाकारलंस. मला ताप भरला होता, तेव्हा दारात बसून राहिलास. आत यायची लाज वाटत होती तुला, पण उठून गेला नाहीस. भाताची पेज केलीस, ती करपली. करपलेलीच आणलीस. मला ती अजून आठवते. या जगात माझ्यासाठी कुणी काही करपवलं नव्हतं तोवर. माझा जीव आहे तुझ्यावर. पण जीव असणं वेगळं आणि पंच निवडणं वेगळं.

केटो : हं.

जूडी मावशी : आता हा रडणार. रडू नको रे, चादर ओलीच आहे.

केटो : रडतोय कोण? धूर येतोय तुझ्या चिलमीचा. बरं, ठीक आहे. बुधवारी करू. तू तुझं मत तुला वाटेल त्याला दे. मी आडवा येत नाही. मोकळा माणूस आहे मी, दुसऱ्याच्या मोकळेपणाच्या आड यायचं नसतं. झालं? मिटलं?

जूडी मावशी : कुठलं मिटतंय. ही निवड एकदाच आहे का? दर वर्षी होणार म्हणे. मग पुढच्या वर्षी काय करणार? मंगळवारी काडीमोड आणि बुधवारी पुन्हा वऱ्हाड? दर साली बोकड कापावा लागेल. मला काय, मी जेवायला येईन.

फीबी : मावशी...

जूडी मावशी : काय गं?

फीबी : तेच मनातून जात नाही माझ्या. बुधवारचं म्हणजे नुसती पळवाट आहे, हे मलाही कळतंय. या वर्षी टळेल. पुढच्या वर्षी मी कुणाची तरी बायको असेन. कारकून येईल, तुझं नाव विचारेल, आणि मी मागे चुलीपाशी असेन.

केटो : मी तुला विचारूनच मत देईन, फीबी. देवाशपथ.

फीबी : तू विचारशील रे. ते ठाऊक आहे मला. पण मला तू विचारलेलं नको आहे. त्यांनी विचारायला हवंय.

केटो : त्यात एवढं काय आहे?

फीबी : एवढं? कॅरोलिनात मालकानं मला आयुष्यात दोन गोष्टी विचारल्या. दिवसाला किती भात कांडशील? आणि पोर होईल का तुला? पोर झालं, तेव्हा मालकीणबाईनं विचारलं, दूध आहे का अंगावर? असेल तर आधी माझ्या बाळाला पाज. तिकडे त्या मालकांनी सगळ्यांनी मिळून तोफा डागल्या, घंटा बडवल्या, स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणून ओरडले, आणि त्या गोंगाटात आपण पळालो. ते स्वतंत्र झाले म्हणून आपल्याला पळावं लागलं! मग राजाच्या लोकांनी नेऊन सोडलं, ते नोव्हा स्कॉशियाचं बर्फ. तिथं तर कुणी काही विचारलंच नाही. माझा पहिला नवरा थिजून मेला, तेव्हा दफनाला जमीन खणता येईना इतकी ती दगड झालेली. आणि आता या मंगळवारी, माझ्या स्वतःच्या दारात, एक माणूस उभा राहून मला विचारणार आहे, फीबी, तुला कोण हवा? मी काय उत्तर देते त्याचं सोड. पॉम्पी म्हणेन, तू म्हणेन, नाहीतर कोंबडीचं नाव सांगेन. पण विचारणार आहे. मला. ते मला एकदाच नको आहे केटो, दर वर्षी हवंय. मरेपर्यंत हवंय.

जूडी मावशी : खरंच गं. मी तर सकाळपासून कुठला रुमाल बांधायचा मंगळवारी, हेच ठरवतेय.

केटो : मला काय कुणी विचारलंय का आजवर? म्हणून तर पंच व्हायचंय मला. ‘पंच आले, बसा पंच.’ एकदा ऐकायचंय. काठीसुद्धा करून ठेवली आहे मी.

फीबी : काठी?

केटो : पंचाच्या हातात काठी लागते. वखारीच्या कामातलं लाकूड उरलं होतं. वरती मूठ कोरली आहे, पक्ष्याची. नुसतं पडून होतं लाकूड.

जूडी मावशी : निवडून यायच्या आधी काठी! बाई बाई बाई. आणि पॉम्पी आला निवडून तर?

केटो : तर ती चालायला होईल म्हातारपणी. हसू नका. मी गंभीरपणे बोलतोय.

फीबी : नाही हसत. बघेन मी काठी. चांगलीच असणार, हात आहे तुझा लाकडावर. पण मग एक घर, त्याला एकच कर्तं माणूस. तुलाही व्हायचंय, मलाही व्हायचंय. आता काय करायचं?

केटो : घरं दोन ठेवू! लग्न करू, पण तू तुझ्या घरात कर्ती आणि मी माझ्या घरात कर्ता. सरळ हिशोब!

जूडी मावशी : आणि भेटायचं कुठं? रस्त्यात?

फीबी : शेजार मला आहेच, केटो. मला लग्न हवंय. सकाळी उठल्यावर कुणाला तरी चहाचं आधण ठेव म्हणून सांगायचंय.

केटो : मग माझ्या घरी चल. माझ्या दाराला बिजागऱ्या आहेत. या गल्लीत कुणाच्या आहेत सांग.

फीबी : दार छान आहे तुझं. पण ही जागा माझ्या नावावर मिळाली आहे. झाडं मी तोडली, मुळं मी उपटली. हा तुकडा सोडून मी बिजागरीसाठी नाही यायची.

केटो : म्हणजे मी तुझ्या घरी यायचं.

फीबी : दार घेऊन ये पाहिजे तर.

जूडी मावशी : थांबा, थांबा. नुसतं बोलून कळत नाही माणसाला. करून बघू. मी नावं लिहायला येणारा साहेब. फीबी, तो वाळत घातलेला कोट दे इकडे. कारकुनाचाच आहे ना?

फीबी : मावशी, तो ओला आहे!

जूडी मावशी : ऊन आहे, वाळेल अंगावर.

(जूडी मावशी चिलीम ठेवते, ओला कोट चढवते आणि पोट पुढे काढून दाराशी येऊन उभी राहते.)

जूडी मावशी : हं. पुढचं वर्ष आहे. लग्न होऊन बोकड पचलेला आहे. मी साहेब. काय ऊन या देशात! कोण आहे घरात? या घराचा कर्ता कोण?

केटो : मी.

फीबी : मी.

जूडी मावशी : एकेकानं बोला! साहेबाचं डोकं दुखतं. फीबी, तू मागे जा तुझ्या कपड्यांकडे. कारकून येतो तेव्हा तू कधी दारात असतेस? जा, त्या दोरीपाशी. हं. आता हा एकटा. काय रे, नाव काय तुझं?

केटो : केटो, साहेब. सुतार. राजाच्या पलटणीत होतो.

जूडी मावशी : वा, वा. समजूतदार माणूस दिसतोस. इथं बायकोचं नाव लिहिलेलं दिसतंय कुणीतरी. चूकच असणार. पुरुष माणूस घरात असताना बाई कशी कर्ती? कर्ता तूच. तुझं नाव लिहून टाकतो. बरोबर ना?

केटो : हो साहे...

फीबी : हलली! मावशी, हलली की नाही? दोरीपाशी उभी राहून दिसली मला!

जूडी मावशी : हलली बाई. चांगली हलली.

केटो : मावशीनं आवाजच तसा काढला! हुबेहूब. कोट घातल्यावर तर...

फीबी : कोटात जूडी मावशी आहे, केटो. शेंगा सोलणारी.

केटो : माहीत आहे मला कोण आहे! डोक्याला माहीत आहे. मानेला नाही. तुम्हाला हसायला काय जातंय. माझा थोरला भाऊ होता, आयझॅक. व्हर्जिनियात. एकदा मालक काहीतरी बोलला आणि आयझॅकनं मान हलवली नाही. एवढंच. उलट बोलला नाही, हात उचलला नाही. नुसती मान हलवली नाही. पुढचं मी सांगत नाही. त्या दिवसापासून माझी मान मला न विचारता हलते. तिनंच मला इथवर जिवंत आणलं. आता तिला एकदम थांब म्हणून कसं सांगू?

जूडी मावशी : (कोटाची बटणं सोडू लागते.)

फीबी : माझी पण हलायची. किती वर्षं. अजून झोपेत हलत असेल, कुणास ठाऊक. मी तुला हसले, ते चुकलं माझं.

केटो : चुकलं नाही. काठ गेलाच ना माझ्यामुळे.

फीबी : जाऊ दे काठ. इकडे ये, बस. उद्या बोलू.

केटो : नाही. मावशी, कोट काढू नकोस. पुन्हा घे.

जूडी मावशी : राहू दे रे पोरा. खेळ होता.

केटो : पुन्हा घे म्हणतो ना. आणि सोपं करू नकोस.

जूडी मावशी : बघ हं. मी सोपं करत नाही मग. फीबी, जा दोरीपाशी. पाठ कर इकडे. हं. काय ऊन या देशात. केटो, पुरुष माणूस घरात असताना बाई कशी कर्ती? तुझं नाव लिहितो.

केटो : साहेब...

जूडी मावशी : आणि नीट ऐक. पंच म्हणून उभं राहायचं, तर माणूस घरचा कर्ता असावा लागतो. तिचं नाव राहिलं, तर तुला पुन्हा कधी उभं राहता येणार नाही. काठी बिठी केली असशील, ती राहील कोपऱ्यात. लोक हसतील, बायकोच्या घरात राहतो म्हणतील. बोल. साहेबाला आणखी घरं फिरायची आहेत. तूच कर्ता ना?

केटो : (स्वतःच्या मानेवर हात ठेवतो.)

जूडी मावशी : साहेब उन्हात उभा आहे, केटो.

केटो : नाही, साहेब.

जूडी मावशी : काय म्हणालास?

केटो : नाही म्हणालो. आवाज मोठा करू का? नाही! मी सुतार आहे. या घरात राहतो, दार मी बसवलंय. पण घर तिचं आहे, साहेब. जे काय विचारायचं ते तिला विचारायचं. ती मागे कपडे वाळत घालतेय, बोलावतो. फीबी! अगं फीबी, ये पुढे. तुला विचारायला आलेत.

फीबी : थांबायला सांग त्यांना. हात पुसते नि येते.